ख्रिस्ती कोण : संघ की तरुण?

नावाचे माहात्म्य धाराशिव जिल्ह्याला वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून पडलेले 'उस्मानाबाद' हे नाव २०२३ मध्ये मागे पडले आणि 'धाराशिव' हे जुने नाव शासनदरबारी पुन्हा रुजू झाले. प्रश्न न्यायालयातही गेला आणि २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नामांतराचा निर्णय कायम केला. नावात काय आहे, असे सहजपणे विचारणारी माणसे नाव बदलण्याची वेळ आली की किती हळवी होतात, याचा अनुभव या जिल्ह्याने पुरेपूर घेतला आहे.

याच शहराने आणखी एका शब्दाची कसोटी पाहिली. जानेवारी २०२० मध्ये येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे आले. वसईचे हे धर्मगुरू 'सुवार्ता' मासिकाचे संपादक, हरित वसईच्या चळवळीतील कार्यकर्ते आणि 'सुबोध बायबल'चे कर्ते. त्यांच्या मराठीविषयी कोणालाही शंका नव्हती. तरीही निवड जाहीर होताच काही मंडळींनी विरोधाचा सूर लावला. हा विरोध लेखनाला नव्हता. नावाआधी लागलेल्या 'फादर' या तीन अक्षरी उपाधीला होता. संमेलन पार पडले, धाराशिवकरांनी पाहुण्यांचे अगत्य केले, आणि २०२४ मध्ये दिब्रिटो निवर्तले तेव्हा मराठी लेखक म्हणूनच महाराष्ट्राने त्यांना निरोप दिला. पण त्या वादातून एक प्रश्न मागे उरला तो उरलाच. एखाद्या व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या नावात धर्माचा उल्लेख असला, म्हणजे तिचे कार्य त्या धर्मीयांपुरतेच आहे असे समजायचे काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास वाय. एम. सी. ए. या जगप्रसिद्ध संस्थेइतके उद्बोधक उदाहरण दुसरे मिळणार नाही. यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन हे तिचे पूर्ण नाव. आज सुमारे १२० देशांत तिचे कार्य चालते. मुंबईत ती १८७५ पासून आहे. मुंबई सेंट्रलजवळच्या एका रस्त्याला तिचेच नाव पडले आहे. या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या हजारोंपैकी त्या चार अक्षरांचा विस्तार किती जणांना सांगता येईल, हा प्रश्नच आहे. आणि विस्तार सांगता येणाऱ्यांपैकी अर्थ किती जणांना सांगता येईल, हा त्याहून मोठा प्रश्न आहे.

भाषांतरातील पेच

हे नाव मराठीत आणू गेल्यास पहिल्याच पावलाला ठेच लागते. 'ख्रिस्ती तरुणांचा संघ' असे म्हणावे की 'तरुणांचा ख्रिस्ती संघ'? वरवर पाहता दोहोंत फरक दिसत नाही. वस्तुतः तो जमीन-अस्मानाचा आहे. पहिल्या भाषांतरात 'ख्रिस्ती' हे तरुणांचे विशेषण आहे, म्हणजे संघाचे दार केवळ ख्रिस्ती तरुणांना उघडे. दुसऱ्यात ते संघाचे विशेषण आहे. संघाची प्रेरणा ख्रिस्ती, तरुण कोणीही असोत. मूळ इंग्रजी नावातील शब्दांचा क्रम पाहिला तर 'ख्रिश्चन' हा शब्द 'असोसिएशन'ला लागून येतो, 'मेन'ला नव्हे. व्याकरण दुसऱ्या भाषांतराच्या बाजूने कौल देते. परंतु संस्थांचा इतिहास व्याकरणाच्या नियमांनी चालत नाही. या संस्थेची पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळची वाटचाल म्हणजे या दोन भाषांतरांमधील ओढाताणच आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

कापडदुकानातील बारा जण

संस्थेचा उगम प्रार्थनामंदिरात झाला नाही, कापडाच्या दुकानात झाला, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. जॉर्ज विल्यम्स हा इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातील एका शेतकऱ्याचा मुलगा. १८२१ मध्ये जन्मलेल्या या मुलाने ब्रिजवॉटर गावी कापडदुकानात उमेदवारी केली आणि १८४१ मध्ये तो लंडनला आला. सेंट पॉल कॅथेड्रलच्या परिसरातील हिचकॉक अँड रॉजर्स या पेढीत त्याला नोकरी लागली. पेढीत सुमारे १४० नोकर होते आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे ते दुकानाच्याच वरच्या खोल्यांत दाटीवाटीने राहत. दिवसाकाठी बारा ते चौदा तास काम, उरलेल्या वेळात जाण्याजोगी ठिकाणे म्हणजे गुत्ते आणि गल्ल्या. घरापासून तुटलेला, हाती थोडे वेतन असलेला, अविवाहित आणि एकाकी असा हा तरुण औद्योगिक क्रांतीने निर्माण केलेला एक नवा सामाजिक वर्ग होता. खेड्यात मुलगा कुटुंबाचा आणि गावाचा असतो. शहरात तो कोणाचाच नसतो.

६ जून १८४४ रोजी विल्यम्स आणि त्याचे सहकारी मिळून बारा जण एका खोलीत जमले आणि त्यांनी एक मंडळ स्थापन केले. कापड व अन्य व्यवसायांत असलेल्या तरुणांची आध्यात्मिक उन्नती हा त्याचा हेतू. मंडळाला नाव सुचविले ते ख्रिस्टोफर स्मिथ या विल्यम्सच्या सहकाऱ्याने, असे सांगितले जाते. या नावातील 'ख्रिश्चन' हा शब्द त्या खोलीत कोणता अर्थ वागवीत होता, ते समजून घेण्यासारखे आहे. जमलेले तरुण एका पंथाचे नव्हते. अँग्लिकन, काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट आणि मेथडिस्ट अशा निरनिराळ्या चर्चचे ते अनुयायी होते. इंग्लंडमध्ये तेव्हा राज्यमान्य चर्च आणि इतर पंथ यांच्यातील भिंती चांगल्याच उंच होत्या. अशा स्थितीत कोणत्याही एका चर्चचे नाव न घेता 'ख्रिश्चन' एवढेच म्हणणे, हा भिंती ओलांडण्याचा मार्ग होता. त्या बारा जणांना सुचू शकणारा तो सर्वांत व्यापक शब्द होता. आज ज्या शब्दाने दार अरुंद होते असे वाटते, त्याच शब्दाने त्या दिवशी ते रुंद केले होते.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला १८४४ हे वर्ष आणखी एका कारणाने परिचित आहे. याच वर्षी इंग्लंडमधील रॉचडेल या गावी विणकर आणि इतर कारागिरांनी मिळून सहकारी भांडार काढले आणि आधुनिक सहकाराचा पाया घातला. तेथे २८ सभासद, येथे १२. तेथे भेसळीच्या पिठाचा आणि उधारीच्या जाचाचा प्रश्न, येथे एकाकीपणाचा आणि रिकाम्या संध्याकाळचा. एकाच औद्योगिक व्यवस्थेच्या दोन व्याधींवर सामान्य माणसांनी स्वतःच शोधलेले हे दोन उपाय होत. नावाच्या बाबतीत मात्र दोघांच्या वाटा निराळ्या झाल्या. रॉचडेलच्या मंडळींनी न्याय्य व्यवहार करणारे अग्रेसर अशा अर्थाचे नाव घेतले आणि धार्मिक व राजकीय तटस्थता हे पुढे सहकाराचे एक तत्त्वच झाले. विल्यम्सच्या मंडळींनी श्रद्धा नावातच गोवली. धाराशिवच्या गावोगावी असलेल्या सोसायट्या आणि ढोकीचा तेरणा साखर कारखाना ही पहिल्या वाटेची दूरची अपत्ये आहेत. दुसऱ्या वाटेचे पुढे काय झाले, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरते.

त्याच सुमारास मुंबईत

लंडनच्या त्या खोलीत 'ख्रिश्चन' हा शब्द माणसांना जोडत होता, त्याच सुमारास मुंबईत तो घरे दुभंगत होता. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहू लागला, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले आणि मुलगा वडिलांच्या स्वाधीन झाला. त्याला पुन्हा जातीत घ्यावे यासाठी आचार्य बाळशास्त्री जांभेकरांनी खटपट केली आणि त्यापायी सनातन्यांचा रोष पत्करला. 'ख्रिस्ती' या शब्दाचा अर्थ मुंबईच्या मध्यमवर्गीय घराला तेव्हा एकच ठाऊक होता : मुलगा हातचा जाणे. पुढे याच नारायण शेषाद्रींनी मराठवाड्यात जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभारली आणि तेथे दलितांमध्ये शेतीचे व शिक्षणाचे काम केले. पण घराच्या उंबऱ्यावर उमटलेला तो पहिला अर्थ पुसला गेला नाही.

वाय. एम. सी. ए. कलकत्त्यास १८५७ मध्ये आणि मुंबईस १८७५ मध्ये आली, ती या पार्श्वभूमीवर. तोपर्यंत १८५५ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या जागतिक परिषदेने संस्थेची मूलभूत व्याख्या निश्चित केली होती. येशू ख्रिस्ताला देव व त्राता मानणाऱ्या तरुणांना एकत्र आणणे, हा तिचा मथितार्थ. व्याकरण काहीही म्हणो, या व्याख्येने 'ख्रिस्ती' हे विशेषण तरुणांनाच लावले होते. तथापि भारतासारख्या देशात एवढ्यावर भागणार नव्हते. शहरात शिकणारे आणि नोकरी करणारे बहुसंख्य तरुण हिंदू, मुसलमान, पारशी होते. निवासाची, वाचनालयाची, व्यायामाची गरज त्यांनाही होती. तेव्हा सहयोगी सभासदत्वाची अमेरिकेतील सोय येथेही उपयोगी पडली. ख्रिस्तेतर तरुणाने संस्थेत यावे, खेळावे, वाचावे, राहावे. संस्थेच्या कारभारात मत मात्र पूर्ण सभासदालाच. दार उघडे, पण किल्ली घरधन्याकडे, अशी ही व्यवस्था होती. तिच्यातील उणीव स्पष्ट आहे. तरीही मोकळे दार ही लहान गोष्ट नव्हती, हेही मान्य करावे लागेल.

एक शब्द बदलून

या नावाचे सामर्थ्य केवढे होते, याची साक्ष त्याचे अनुयायी जितकी देतात त्याहून अधिक त्याचे प्रतिस्पर्धी देतात. ज्यूंनी अमेरिकेत १८५४ मध्ये 'ख्रिश्चन'च्या जागी 'हिब्रू' हा शब्द घालून तरुणांचा संघ काढला. कोलंबोत १८९८ मध्ये आणि रंगूनमध्ये १९०६ मध्ये 'बुद्धिस्ट' संघ निघाले. त्यांतील रंगूनच्या संघातून ब्रह्मदेशाच्या राष्ट्रीय चळवळीला चालना मिळाली. मद्रासेत ॲनी बेझंट यांनी १९१४ मध्ये 'यंग मेन्स इंडियन असोसिएशन' स्थापन केली. साचा तोच, शब्द एकच बदललेला. ज्या संस्थेच्या धर्मप्रसाराची धास्ती वाटली तिचीच रचना इतरांनी उचलली, कारण घर सोडलेल्या तरुणाची गरज सर्व धर्मांत सारखीच होती. बेझंटबाईंनी घातलेला शब्द तर धर्माचा नव्हता, देशाचा होता, हे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे.

महाराष्ट्रातील विचारवंतही संस्थांच्या नावांविषयी जागरूक होते. पुण्यात १८७० मध्ये स्थापन झालेल्या सभेने 'सार्वजनिक' हे विशेषण घेतले. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'सत्यशोधक' म्हणवून घेतले, ज्यात ना जात होती ना धर्म. १९०६ मध्ये विठ्ठल रामजी शिंदे यांनी अस्पृश्यांच्या सेवेसाठी संस्था काढली तेव्हा तिच्या इंग्रजी नावात 'मिशन' हा ख्रिस्ती सेवाकार्याशी निगडित शब्द निःसंकोचपणे घेतला. उलटपक्षी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखाने शेजारी शेजारी उभे राहिले आणि धर्मवार संघांच्या क्रिकेट सामन्यांची प्रथा १९४६ पर्यंत चालली. नावात धर्म असणे आणि मैदानात धर्माप्रमाणे तट पडणे, यांतील अंतर किती थोडे असू शकते, ते या सामन्यांनी दाखविले.

पलटणीत, छापखान्यात, खेड्यात

पहिल्या महायुद्धाने वाय. एम. सी. ए.ला तिच्या नावाचा अर्थ भारतात नव्याने लावण्यास भाग पाडले. फ्रान्स आणि मेसोपोटेमियातील भारतीय सैन्यात संस्थेच्या कार्यकर्त्यांनी करमणुकीची व विश्रांतीची केंद्रे चालविली, निरक्षर शिपायांची पत्रे लिहून दिली. मराठा पलटणीही तेव्हा मेसोपोटेमियाच्या आघाडीवर होत्या. मात्र भारतीय शिपायांमध्ये धर्मप्रसार करावयाचा नाही, ही सरकारची अट होती आणि ती संस्थेने स्वीकारली. येथे एक मोठे तत्त्व नकळत प्रस्थापित झाले. धर्मोपदेश वगळूनही ख्रिस्ती संघाला करण्यासारखे पुष्कळ काम उरते, आणि ते काम शिपायाला हवे असते, हे अनुभवाने सिद्ध झाले.

१९१६ मध्ये के. टी. पॉल हे संस्थेच्या राष्ट्रीय मंडळाचे पहिले भारतीय सरचिटणीस झाले. त्यांचा पिंड अर्थकारणाचा होता. शहरी वसतिगृहांपुरती मर्यादित राहिलेली संस्था त्यांनी खेड्याकडे वळविली आणि सहकारी पतपेढ्यांच्या द्वारे सावकारी पाशातून शेतकऱ्याला सोडविण्याचा कार्यक्रम हाती घेतला. पुढे त्रावणकोरातील मार्तंडम येथे स्पेन्सर हॅच यांनी कुक्कुटपालन, मधमाशापालन आणि सहकारी विक्री यांवर आधारलेले ग्रामीण पुनर्रचनेचे केंद्र चालविले. १८४४ मध्ये निराळ्या झालेल्या दोन वाटा, रॉचडेलची आणि लंडनची, अशा रीतीने भारतातील खेड्यात एकमेकींना येऊन मिळाल्या. पॉल यांचे सहकारी व्ही. एस. अझरिया हेही याच संस्थेचे माजी चिटणीस. १९१२ मध्ये निजामाच्या राज्यातील दोरनकल येथे ते बिशप झाले. अँग्लिकन चर्चचे ते पहिले भारतीय बिशप. धाराशिव तेव्हा त्याच हैदराबाद संस्थानात होते.

मराठी वाचकाने संस्थेचे आणखी एक ऋण स्मरले पाहिजे. तिच्या कलकत्त्याच्या असोसिएशन प्रेसने भारतीय वारशाचा परिचय करून देणारी ग्रंथमाला काढली. तिच्यात १९१९ मध्ये निकोल मॅक्निकोल यांचे मराठी संतांच्या अभंगांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. १९२३ मध्ये याच प्रकाशनाने रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे जे. सी. विन्सलोकृत चरित्र काढले. ज्ञानोबा-तुकोबांची वाणी परदेशी वाचकापर्यंत पोचविण्यास 'ख्रिस्ती तरुणांच्या' संघाचा छापखाना उपयोगी पडावा, हे त्या नावाच्या लवचीकतेचेच लक्षण म्हणावयाचे.

नागपाड्याचा धडा

परंतु नावाचा अर्थ ग्रंथांपेक्षा मैदानावर अधिक लवकर बदलतो. बास्केटबॉलचा खेळ १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे याच संस्थेच्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ यांनी शोधून काढला. आज आपल्या खेड्यापाड्यांतून संध्याकाळी रंगणारा व्हॉलीबॉल १८९५ मध्ये होल्योक येथील शाखेत विल्यम मॉर्गन यांनी रचला. मद्रासेत हॅरी बक यांनी १९२० मध्ये शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले आणि १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली तेव्हा अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांच्या जोडीला चिटणीस म्हणून संस्थेचेच डॉ. नोहरेन होते.

मुंबईतील नागपाडा हा प्रामुख्याने मुसलमान वस्तीचा भाग. बास्केटबॉलच्या क्षेत्रात त्याचा लौकिक देशभर आहे. भारताचे कर्णधार आणि १९७० चे अर्जुन पुरस्कारविजेते अब्बास मुंतसीर याच वस्तीतले. येथील मस्तान तलावाच्या मैदानावरील संघ 'मस्तान वाय. एम. सी. ए.' या नावाने ओळखला जातो. हे नाव क्षणभर थांबून वाचावे. एक मुसलमानी नाव, त्याला लागून ख्रिस्ती संघाची आद्याक्षरे, आणि त्या नावाखाली खेळणारी सर्व धर्मांची मुले. लंडनच्या बारा तरुणांनी किंवा पॅरिसच्या परिषदेने याची कल्पनाही केली नसेल. येथे 'ख्रिस्ती' हे विशेषण पूर्णपणे संघाकडे गेले आणि तरुण केवळ तरुण राहिले.

याच नागपाड्यात दुसराही प्रयोग झाला. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी तेथे १९२० च्या दशकात 'नागपाडा नेबरहुड हाऊस' चालविले. मॅनशार्ट स्वतः मिशनरी. पण संस्थेच्या नावात धर्म नाही, केवळ शेजार आहे. त्याच अनुभवातून १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे विद्यालय निघाले आणि त्याचे पहिले संचालक मॅनशार्टच झाले. ही आजची टाटा समाजविज्ञान संस्था. तिचे ग्रामीण केंद्र धाराशिव जिल्ह्यात तुळजापूरला आहे. आई भवानीच्या गावी समाजकार्याचे शिक्षण घेणाऱ्या किती विद्यार्थ्यांना हे ठाऊक असेल की, त्यांच्या संस्थेच्या मुळाशी एका ख्रिस्ती सेवकाने नागपाड्यात उघडलेले शेजारघर आहे? श्रद्धा नावात ठेवून दार उघडता येते, तसेच श्रद्धा मनात ठेवून नाव मोकळे ठेवता येते. नागपाड्याने दोन्ही मार्ग एकाच वस्तीत दाखविले.

शब्दांची झीज

काळाच्या ओघात संस्थेच्या नावातील प्रत्येक शब्दाची झीज झाली आहे. 'तरुणां'च्या संस्थेत आज बालके आणि वृद्धही येतात. 'पुरुषां'च्या संस्थेत स्त्रिया सभासद आणि पदाधिकारी आहेत. स्त्रियांसाठी इंग्लंडमध्ये १८५५ पासूनच वाय. डब्ल्यू. सी. ए.ची निराळी चळवळ सुरू झाली होती, तरीही हा बदल थांबला नाही. 'ख्रिस्ती' या शब्दाचा अर्थ १९७३ मध्ये कंपाला येथील परिषदेने सर्वांना समान संधी आणि न्याय या दिशेने विस्तारला. अमेरिकेतील शाखांनी तर २०१० मध्ये व्यवहारापुरते 'वाय' हे एकच अक्षर शिल्लक ठेवले. दरम्यान १९७८ मध्ये एका लोकप्रिय इंग्रजी गाण्याने ती चार अक्षरे जगभर पोचविली. अर्थ मात्र आणखीच मागे पडला.

यात संस्थेचे सर्वच यश आहे असे मानण्याचे कारण नाही. अमेरिकेत याच 'ख्रिस्ती' संघाच्या गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाखा दीर्घकाळ वेगळ्या होत्या आणि हा भेद मोडण्याचा ठराव राष्ट्रीय पातळीवर १९४६ मध्ये झाला. म्हणजे ज्या शब्दाने लंडनमध्ये पंथांच्या भिंती पाडल्या, त्याला वर्णाची भिंत पाडण्यास शंभर वर्षे लागली. उदात्त नाव हे उदात्त आचरणाची हमी नसते. ते फार तर आचरणाला जाब विचारण्याचे साधन असते. 'ख्रिस्ती' म्हणवता तर हा भेद का, असा प्रश्न त्या नावामुळेच विचारता आला, एवढे श्रेय नावाला द्यावे लागेल.

देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव

महाराष्ट्रापुढे हा प्रश्न आजही उभा आहे, फक्त 'ख्रिस्ती'च्या जागी दुसरे शब्द आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातीधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उघडण्यास प्रारंभ केला. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, जैन, मुस्लिम, लिंगायत अशी त्यांची नावे होती. या नावांतील शब्द घेणाऱ्याचा होता. ज्यांना जातीमुळे दार बंद होते त्यांच्यासाठी जातीचे नाव लावूनच दार उघडावे लागते, हे त्या काळचे वास्तव होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी पुढचे पाऊल टाकले. १९१९ मध्ये त्यांनी काढलेल्या संस्थेच्या नावात 'रयत' हा शब्द होता आणि १९२४ मध्ये साताऱ्यात उघडलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवत. धाराशिव जिल्ह्यातील हिप्परग्याची शाळा, जिथे स्वामी रामानंद तीर्थांनी अध्यापन केले, 'राष्ट्रीय' म्हणवून घेत होती. निजामी अमलात तो शब्द उच्चारणे हीच एक कृती होती.

या उदाहरणांवरून एक भेद स्पष्ट होतो. कल्याणकारी संस्थेच्या नावातील विशेषण कधी देणाऱ्याची ओळख सांगते, कधी घेणाऱ्याची अट सांगते. पहिल्यात गैर काहीच नाही. सेवेची प्रेरणा कोणी ख्रिस्ताकडून घ्यावी, कोणी विठ्ठलाकडून, कोणी बुद्धाकडून, कोणी संविधानाकडून. दुसऱ्याचेही समर्थन होऊ शकते, पण ते सशर्त असते : ज्या अन्यायामुळे अट घालावी लागली तो अन्याय शिल्लक आहे तोवर. गोंधळ होतो तो एकाला दुसरे समजल्याने. देणाऱ्याचे नाव पाहून घेणारा बिचकतो, किंवा घेणाऱ्याची अट देणाऱ्याचा अभिमान बनून बसते.

धाराशिवच्या तरुणापुरते पाहिले तर हा वाद शाब्दिक राहत नाही. २०१८ मध्ये नीती आयोगाने ज्या जिल्ह्यांची आकांक्षित म्हणून निवड केली, त्यांत महाराष्ट्रातील चार जिल्हे होते आणि हा त्यांपैकी एक. पावसाच्या लहरीवर अवलंबून असलेली शेती सोडून येथील मुलगा स्पर्धा परीक्षेसाठी किंवा नोकरीसाठी पुण्याला जातो, तेव्हा त्याची स्थिती १८४१ मध्ये सॉमरसेटहून लंडनला आलेल्या शेतकऱ्याच्या मुलाहून फारशी वेगळी नसते. खाटेपुरती जागा, अभ्यासिकेची फी, खानावळीचा डबा आणि गावाकडून येणारे फोन. त्याच्यासाठी बार्टी, सारथी, महाज्योती अशा शासकीय संस्था आहेत, स्वाधार योजना आहे, निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे आहेत. त्यांची गरज वादातीत आहे. परंतु शिष्यवृत्ती जातीच्या दाखल्यावर मिळू शकते, सोबत मिळू शकत नाही. ती मिळण्यासाठी निरनिराळ्या दाखल्यांची मुले एका छपराखाली, एका टेबलाशी, एका मैदानावर यावी लागतात. शासनाला हे काम नीट जमत नाही, बाजाराला त्यात नफा दिसत नाही. तरुणांनी स्वतः उभारलेल्या संघाचेच ते काम आहे. लंडनच्या त्या बारा नोकरांकडे ना सरकारी अनुदान होते ना इमारत. एक खोली होती आणि एकमेकांची काळजी होती.

असा संघ उद्या पुण्यात धाराशिवच्या मुलांनी काढला, तर त्याला नाव काय द्यावे, हा त्यांचा प्रश्न आहे. गावाचे द्यावे, संताचे द्यावे, श्रद्धेचे द्यावे. वाय. एम. सी. ए.च्या इतिहासातून घेण्यासारखा बोध एवढाच की, ते विशेषण संघाला लागू द्यावे, तरुणाला लागू देऊ नये. संघ कोणाचा आहे, ते पाटीवर लिहिलेले असावे. आत येणाऱ्याला मात्र 'तू कोणाचा' असे विचारण्याची वहिवाट असू नये.